अंगण, ओसरी आणि गोधडी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात चैत्रातल्या परसबागेविषयी लिहिताना मी गोधडीचा उल्लेख केवळ एका वाक्यात केला होता, आणि या वेळच्या टपालात मात्र बागेपेक्षा गोधडीचीच पत्रे अधिक आली. बहुतेकांना ही दोन्ही कामे एकाच दिवसात, एकाच ओसरीवर किंवा बाल्कनीत करायची आहेत. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातले हिशेब इतर अनेकांनीही विचारले होते.

निवृत्तीनंतरचा हा माझा पहिला चैत्र आहे. आमच्या जुन्या घराला ओसरी आहे, मागे लहानशी परसबाग आहे आणि आईची सात सुती लुगडी माझ्याजवळ आहेत. त्यांच्या वाकळा, म्हणजे गोधड्याच, शिवाव्यात असे मनात आहे. पण सकाळी बागेत गेले की दुपार होते आणि दुपारी शिवायला बसले की डोळे मिटू लागतात. दोन्ही कामे कशी बसवावीत? सात लुगड्यांत किती वाकळा होतील आणि एका वाकळेला किती दिवस लागतील? — एक वाचिका, सातारा

घड्याळ बाजूला ठेवून दिवसाची वाटणी उन्हाकडे सोपवावी. चैत्रात साताऱ्याकडेही सकाळी दहानंतर ऊन चटका देऊ लागते, म्हणून पाणी घालणे, भेंडी-गवारीची नवी रोपे विरळ करणे आणि झाडांच्या बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे ही कामे उजाडल्यापासून साडेआठपर्यंत उरकून घ्यावीत, आणि जे उरेल ते निःशंकपणे दुसऱ्या दिवसावर टाकावे. बागेत काम कधीच संपत नाही. ते संपवून मग शिवायला बसू असे ठरवणाऱ्या माणसाच्या हातून वाकळ होत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. नऊ ते साडेदहा हा शिवण्याचा वेळ. त्या वेळी ओसरीवर उजेड भरपूर असतो, पण ऊन आत आलेले नसते. उजव्या हाताने शिवत असाल तर उजेड डावीकडून येईल असे बसावे, म्हणजे स्वतःच्याच हाताची सावली टाक्यावर पडत नाही. दुपारी डोळे मिटतात तर मिटू द्यावेत; जागे राहिलात तर जुन्या शिवणी उसवणे, काठ वेगळे करणे, तुकडे रंगांप्रमाणे लावणे अशी बारीक नजर न लागणारी कामे त्या वेळेसाठी राखावीत. मातीत काम करून आले की बोटे खरखरीत होतात आणि दोरा त्यांत अडकतो. त्यावर तेल लावले तर कापडाला डाग पडतो, म्हणून शिवायला बसण्यापूर्वी डाळीच्या पिठाने हात धुवावेत, एवढे पुरे होते.

आता कापडाचा हिशेब. नऊवारी लुगडे साधारण आठ मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद असते, म्हणजे एका लुगड्यात ९ ते १० चौरस मीटर कापड मिळते. एका माणसाला पांघरायची वाकळ २ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरली, तर तिच्या एका थराला ३ चौरस मीटर कापड लागते आणि चार थरांना १२. या हिशेबाने सात लुगड्यांत पाच वाकळा व्हायला हव्यात. प्रत्यक्षात तीन किंवा फार तर चार होतील, कारण नऊवारी नेसणाऱ्या बाईचे लुगडे बसण्याच्या भागात विरते आणि तेवढा पट्टा बाजूला काढावा लागतो. कापड दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ताणून पाहावे. फाटल्याचा आवाज आला तर तो भाग टाकून द्यावा. आवाज न होता धागे नुसते सरकले तर तो आतल्या थरात चालेल. घट्ट राहिला तर तळाला किंवा वर घ्यावा. पदर सहसा सर्वांत कमी झिजलेला असतो, म्हणून तो वरच्या थराच्या मध्यभागी शोभतो, आणि काठ कडेच्या गोटाला कामी येतात.

दिवसांचा हिशेबही असाच मांडता येतो. धावदोऱ्याच्या दोन ओळींत अडीच सेंटिमीटर अंतर ठेवले, तर वर सांगितलेल्या मापाच्या वाकळेवर सगळ्या ओळी मिळून सुमारे १२० मीटर शिवण होते. चार थरांतून सुई काढताना माझा हात ताशी तीन मीटरच्या पुढे जात नाही, म्हणजे ४० तास लागतात. रोज दीड तास बसलात तर सत्तावीस दिवस झाले. पाडव्याला सुरुवात केली आणि सुरुवातीचे तीन-चार दिवस उसवण्यात, धुण्यात व कच्चे टाके घालण्यात गेले, तरी अक्षय्य तृतीयेपर्यंत वाकळ हातावेगळी होते. दोरा दुहेरी घेत असाल तर अडीचशे मीटरहून अधिक लागेल, म्हणून एकाच रंगाची रिळे एकदमच घ्यावीत. अर्ध्यावर रीळ संपले की नेमकी तीच छटा दुकानात मिळत नाही.

शिवण्याच्या पद्धतीविषयी आपण विचारलेले नाही, तरी एक सांगणे आवश्यक वाटते. आपल्याकडे ओळी बाहेरच्या कडेपासून सुरू करून कडेला समांतर अशा आत आत नेतात आणि शेवट मध्यभागी होतो. ही रीत दिसायला सुंदर आहे, पण तिच्यात एक खोड आहे. थरांतला सैलपणा प्रत्येक ओळीबरोबर मध्याकडे ढकलला जातो आणि शेवटी तेथे पोटासारखा फुगवटा उरतो. म्हणून स्वच्छ पुसलेल्या फरशीवर चारही थर एकावर एक पसरावेत, उभा धागा उभ्यावर आणि आडवा आडव्यावर येईल असे पाहावे, हाताच्या तळव्याने सुरकुत्या कडेकडे सारत न्याव्यात आणि वीतभर अंतरावर उभे-आडवे कच्चे टाके घालून सगळे जखडून टाकावे. हा अर्धा दिवस वाचवायचा मोह अनेकांना होतो, आणि त्यांच्या वाकळा ओळखू येतात. सुई लांब आणि बारीक असावी. पोत्यांचे दाभण जुन्या कापडाला भोके पाडते, त्यामुळे ते घेऊ नये. मधल्या बोटात अंगुस्तान मात्र अवश्य घालावे. दोरा हातभर घ्यावा, कारण त्याहून लांब घेतला की तो गुंतून जेवढा वेळ वाचवतो त्याहून जास्त खातो.

चैत्रगौरीचे हळदीकुंकू याच महिन्यात येते. आंबेडाळ आणि पन्हे घेऊन झाल्यावर आलेल्या बायकांपैकी दोघी-तिघींना वाकळेच्या चार कडांना बसवले, तर एका दुपारी दोन-तीन दिवसांची शिवण उरकते. प्रत्येकीचा टाका वेगळा पडतो, आणि तो तसाच ठेवावा असे माझे मत आहे. शेवटची ओळ मिटवण्याआधी वाकळेचे पोट रिकामे राहू नये म्हणून आत भाकरीचा किंवा पोळीचा लहानसा तुकडा ठेवण्याची रीत काही घरांत आहे. आपल्याकडे ती असेल तर तुकडा तव्यावर अगदी कडक वाळवून घ्यावा, नाहीतर मुंग्या पहिल्याच आठवड्यात पोट रिकामे करतील.

बाल्कनीत मी जिथे शिवायला बसते त्या सावलीच्या कोपऱ्यात, शेजारी सुगंध असावा म्हणून मोगऱ्याच्या दोन्ही कुंड्या आणून ठेवल्या. पाने हिरवीगार आहेत, पण कळी एकही नाही. खत कमी पडते आहे का? — एक वाचिका, डोंबिवली

खत नाही, ऊन कमी पडते आहे. मोगऱ्याला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागते. सावलीत तो जगतो, वाढतो, पण फुलत नाही, आणि त्यात शेणखताबरोबर नत्राचे खत दिले असेल तर पानांचीच भरभराट होते. कळ्या नव्या फुटीवर येतात, म्हणून मोगऱ्याची मुख्य छाटणी थंडी सरता सरता करतात. ती राहून गेली असेल तर आता लांबलेल्या फांद्यांचे शेंडे तीन-चार बोटे खुडावेत, वाळकी काटकी काढावी आणि कुंड्या पुन्हा उन्हात न्याव्यात. महिना-दीड महिन्यात कळ्या दिसू लागतील. तोवर आपण कोपऱ्यात बसावे आणि मोगऱ्याला कठड्यापाशी राहू द्यावे. त्याचा गंध संध्याकाळी, कळी उमलताना, अधिक येतो आणि त्या वेळी तुमची सुई खाली ठेवलेलीच असेल. फुले येऊ लागल्यावर शिवणीच्या टोपलीत ओंजळभर ठेवायला हरकत नाही, पण रात्री आठवणीने काढावीत. कोमेजलेल्या मोगऱ्याचा तपकिरी डाग फिक्या कापडावरून सहजी निघत नाही.

आमच्या घरामागे पळसाची तीन झाडे आहेत आणि होळी होऊन गेली तरी खाली केशरी सडा पडतो आहे. नातवासाठी दुपटे शिवते आहे. त्याचे तुकडे या फुलांनी रंगवता येतील का? रंग टिकेल का? — एक वाचिका, चंद्रपूर

रंगवता येतील. टिकण्याविषयी मात्र आधीच स्पष्ट सांगते, की पळसाचा रंग सुती कापडावर हळूहळू फिका होतो, आणि उन्हात वाळवला तर लवकर होतो. झाडावर दिसणारा केशरी रंग कापडावर तसाच उतरेल अशी अपेक्षाही ठेवू नये. साध्या पाण्यात तो पिवळा येतो आणि त्यात चिमूटभर खाण्याचा चुना टाकला की केशरीकडे झुकतो.

पडलेली, पण कुजलेली नव्हे, अशी फुले वेचून सावलीत वाळवावीत. कापड नवे असेल तर त्यातली खळ सोडा घातलेल्या गरम पाण्यात धुऊन काढावी, कारण खळ राहिली की रंग ठिकठिकाणी वेगळा बसतो. जुन्या साडीच्या तुकड्यांना ही अडचण नसते. सुती धागा रंग धरायला मुळात नाखूष असतो आणि म्हणून त्याला आधी तुरट द्रव्य द्यावे लागते. १०० ग्रॅम कोरड्या कापडाला साधारण १५ ग्रॅम हिरड्याची पूड पाण्यात कालवून त्यात कापड काही तास भिजवावे, पिळून न धुता वाळवावे, आणि मग तेवढीच तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात ते पुन्हा रात्रभर ठेवावे. हिरड्यामुळे कापड आधीच किंचित पिवळसर होते. येथे ते सोयीचेच आहे. दुसऱ्या दिवशी कापडाच्या वजनाइतकी वाळलेली फुले रात्रभर भिजवलेल्या पाण्यात मंद आचेवर तासभर तापवावीत, पाणी गाळून घ्यावे आणि त्यात कापड सतत हलवत पाऊण तास ठेवावे. भांडे स्टीलचे असावे. लोखंडी कढईत हिरड्याची आणि लोखंडाची गाठ पडते आणि पिवळ्याऐवजी काळपट करडा रंग हाती येतो, जो आपल्या नातवाला खचितच नको असेल. हे भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये आणि तुरटीचे उरलेले पाणी कुंड्यांत ओतू नये; गाळलेली फुले मात्र खताच्या खड्ड्यात टाकता येतील.

दुपट्याचा विचार करता माझा सल्ला असा, की अंगाला लागणारी आतली बाजू न रंगवलेल्या, मऊ झालेल्या जुन्या धोतराची किंवा साडीची ठेवावी आणि पळसाचे तुकडे वरच्या बाजूला लावावेत. दुपट्याला दोन किंवा तीन थर पुरेत. शिवण्यापूर्वी रंगवलेला प्रत्येक तुकडा एकदा कोमट पाण्यात धुऊन पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा; फडक्याला रंग लागला तर आणखी एकदा धुवावा, कारण बाळ दुपट्याचे टोक तोंडात घालणार हे गृहीत धरावे लागते.

मी अकरा वर्षांपासून न्यू जर्सीत राहते. येथे एप्रिलमध्ये बाग जागी होते आणि मागच्या पायऱ्यांवर बसून शिवण्यासारखे दिवस येतात. शेजारच्या आजी उत्तम क्विल्ट करतात. मी आईच्या साड्यांची गोधडी शिवायला घेतली तेव्हा त्यांनी प्रेमाने सांगितले, की मधे कापसाची किंवा पॉलिएस्टरची गादी नसेल तर त्याला क्विल्ट म्हणत नाहीत. त्यांना काय सांगू? आणि घरात ठेवलेला मोगरा बाहेर कधी काढू? — एक वाचिका, न्यू जर्सी

आपल्या शेजारीण त्यांच्या परंपरेपुरते बरोबर बोलत आहेत. तेथील क्विल्ट तीन पदरी असते : वर तुकड्यांची नक्षी, खाली अस्तर आणि मधे ऊब देणारे भरण, टाक्यांचे काम त्या भरणाला सरकू न देण्याचे. आपल्या गोधडीत असे वेगळे भरण नसते. सगळेच थर कापडाचे असतात आणि ऊब त्यांच्या मधल्या, टाक्यांनी कोंडून ठेवलेल्या हवेची असते. म्हणूनच आपल्याला ओळी इतक्या जवळ जवळ घालाव्या लागतात, आणि म्हणूनच गोधडी फाल्गुन-चैत्राच्या पहाटेलाही जड होत नाही. आणखी एक फरक त्यांना दाखवण्यासारखा आहे. हाताने क्विल्ट करणारे सहसा मध्यापासून कडांकडे शिवत जातात, आपण कडांपासून मध्याकडे येतो. दोघींनी एकमेकींच्या रीतीने एकेक उशीचा अभ्रा करून पाहावा. वादापेक्षा त्यात जास्त मजा आहे.

त्यांच्याच देशातले उदाहरण हवे असेल तर अलाबामातील गीज बेंड या वस्तीचे द्यावे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतात वापरून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या पिढ्यानपिढ्या थंडीसाठी शिवल्या. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या आणि पुढे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, तेव्हा मोठमोठ्या कलासमीक्षकांनी त्यांच्यापुढे मान तुकवली, आणि २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. त्या गोधड्यांतही भरण असते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण जुन्या अंगवस्त्राचा मान तोच. आपल्याकडे उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका ‘कवंदी’ शिवतात, तीही कडेपासून आत येणारी, आणि तिच्या चार कोपऱ्यांना त्रिकोणी घडीची ‘फुले’ लावल्याशिवाय त्यांना ती नागडी वाटते. बंगालची कांथा, बिहारची सुजनी हीदेखील याच घरातली भावंडे. इतक्या साऱ्या बायका भरणाशिवाय शिवत आल्या आहेत, हे ऐकल्यावर शेजारच्या आजी नावाचा आग्रह सोडतील असे वाटते. न सोडल्यास आपण तिला ‘गोधडी’ म्हणावे. तेच तिचे नाव आहे.

साड्या सिंथेटिक असतील तर थोडे थांबावे. पत्रात आपण कापडाचा उल्लेख केलेला नाही. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे थर सुईखाली सरकतात आणि घाम शोषत नाहीत, म्हणून अशी साडी केवळ वरच्या थराला, तीही आखूड कच्चे टाके घालून, लावावी. इरकल किंवा खणाचे तुकडे वापरणार असाल तर आधी मिठाच्या पाण्याचे घरगुती उपाय करत बसण्यापेक्षा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर इस्त्री फिरवावी. रंग उतरला तर तो तुकडा फ्रेममध्ये शोभेल, गोधडीत नाही.

मोगऱ्याची घाई करू नये. एप्रिलमधले एखादे उबदार दुपारचे ऊन पाहून कुंडी बाहेर काढली आणि रात्री दहिवर गोठले, असे तिकडे अनेकांचे होते. तेथे मेच्या पूर्वार्धापर्यंत ही शक्यता असते. रात्रीचे तापमान सलग आठवडाभर १० अंश सेल्सियसच्या वर राहू लागले की कुंडी आधी पायऱ्यांच्या सावलीत आणि आठ-दहा दिवसांनी उन्हात न्यावी, नाहीतर घरातल्या मंद उजेडाला सरावलेली पाने करपतात. शेंडे खुडण्याचे काम बाहेर नेतानाच करावे.

सासूबाईंनी शिवलेली पाच थरांची गोधडी वॉशिंग मशीनमध्ये धुवावी का? आमच्याकडे अंगण नाही, गच्ची सामायिक आहे. गच्चीवरच्या बागेला धुण्याचे पाणी घातले तर चालेल का? — एक वाचक, पुणे

मशीनमध्ये धुवू नये. सुती थर खूप पाणी पितात, ओल्या गोधडीचा गोळा ड्रमच्या एका बाजूला बसतो आणि मशीन थडथडते, त्याहून वाईट म्हणजे पिळण्याच्या वेगात जुने टाके तुटतात. चैत्र-वैशाख हा गोधडी धुण्याचा काळ, कारण हवा कोरडी असते आणि ती पूर्ण वाळते. धुण्यापूर्वी सैल झालेले टाके भरून घ्यावेत. मग न्हाणीघरात मोठ्या टबात सौम्य साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवून पायांनी तुडवावी, तीन-चार पाण्यांतून काढावी आणि न पिळता पालथ्या बादलीवर तासभर निथळू द्यावी. गच्चीवर एकाच दोरीवर टाकली तर ओझ्याने मधली शिवण ताणली जाते, म्हणून हातभर अंतरावर दोन दोऱ्या बांधून त्यांवर पसरावी आणि दुपारी उलटावी. शक्य असल्यास दिवसभर सावलीतच वाळू द्यावी आणि अगदी शेवटी तास-दोन तास ऊन द्यावे.

साबणाचे पाणी कुंड्यांना घालू नये; शेवटच्या खळबळण्याचे पाणी घालायला हरकत नाही. ठेवून देताना वाळलेला कडुनिंबाचा पाला जुन्या मलमलीच्या पुरचुंडीत बांधून घडीत ठेवावा, सुटा पसरू नये, कारण त्याचा चुरा टाक्यांत अडकतो. आणि घडी दरवेळी त्याच रेषेवर घालू नये. गोधडी फाटते ती बहुधा घडीवर.